घरच्या माणसाला कसला पगार

पिंपळगाव बसवंतला चिमाजींचा द्राक्षांची खोकी बनवायचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड आणि पुठ्ठ्याला घड्या पाडायची, पिना मारायची जुनी यंत्रं. नवसाबाई त्यांची बायको. माहेरी भाजीपाला काढणारी ही बाई लग्नानंतर शेडमध्ये आली ती तिथलीच झाली. सकाळी कुलूप ती उघडायची, खळ ती शिजवायची, नव्या बाईला पिन मारायला ती शिकवायची. हंगामात जेवणही तिथंच, उभ्या उभ्या.

काम वाढलं तशी माणसं वीसच्या वर गेली. हिशेब बघणारा अश्विन शहरातल्या त्याच्या ऑफिसातून यायचा. तो म्हणाला, "आता पीएफ लागू झाला. मालकाचा वाटाही भरावा लागणार. काही जण धंदा दोन नावांवर दाखवतात. निम्मी माणसं इकडं, निम्मी तिकडं, म्हणजे कुठंच वीस भरत नाहीत."

"आन् तपासणीला साहेब आला की ह्या बायांना कुठं लपवू?" चिमाजी म्हणाले. "भरू आपण. म्हातारपणी त्यांना कोण हाय?"

अश्विननं सगळ्यांची नावं घेतली. उठता उठता त्यानं विचारलं, "वहिनींचं घालायचं? तुम्ही मालक, तुमचं बसत नाही यात. त्या राबतात, त्यांना पगार द्यायला लागा, त्यांचं बसेल."

"घरच्या माणसाला कसला पगार?" चिमाजी हसले.

नवसाबाई पलीकडे खोकी रचत होती. तीही हसली.

पुढं बऱ्याच वर्षांनी चिमाजींना अर्धांगवायू झाला. कारखाना हेच आपलं म्हातारपण, असं ते म्हणायचे. दवाखान्याच्या खर्चात आधी यंत्रं गेली, मग शेडची जागा. तरी ते वाचले नाहीत. मुलगा ज्ञानेश पुण्यात नोकरीला. तो आईला न्यायला आला, पण ती गेली नाही.

मालनबाई ही शेडमधली सर्वांत जुनी कामगार. तिला आता पीएफचं पेन्शन सुरू झालं होतं. हयातीचा दाखला द्यायला बँकेत जायचं म्हणून तिनं नवसाबाईला सोबत नेलं. खळीनं, पुठ्ठ्यानं झिजलेला तिचा अंगठा यंत्रावर उमटेना. नवसाबाईनं पदरानं तो पुसला, चोळून गरम केला, तेव्हा कुठं उमटला.

"आजी, तुमचा पेन्शन नंबर?" बँकेतल्या मुलानं नवसाबाईला विचारलं.

"माझा नाय. मी हिच्यासंगं आलेय."

परतताना मालनबाई म्हणाली, "मालकांमुळं मिळतं हे. देवमाणूस होता."

"व्हय," नवसाबाई म्हणाली.

घरी येऊन ती चिमाजींच्या फोटोसमोर उभी राहिली. "सगळ्यांचं म्हातारपण दिसलं तुम्हाला," ती म्हणाली. "मी काय म्हातारी होणार नव्हते?" मग तिला स्वतःचाच राग आला. तेव्हा आपणही हसलो होतो.

त्या हंगामात ती हायवेवरच्या एका पॅकहाऊसमध्ये द्राक्षांचे घड छाटायला गेली. तिथं नोंदणीला सृष्टी नावाची मुलगी होती. आधार कार्ड बघून ती म्हणाली, "पीएफ कापू, आजी. काम सोडल्यावर तो परत मिळेल. पण अठ्ठावन्न उलटल्यावर पेन्शनला धरत नाहीत."

"आधी कुठं काम केलं असंल तर?"

"केलंय का? कुठं?"

"आमच्याच कारखान्यात."

"मग नाव असेल की तिथं."

नवसाबाई कात्री घेऊन रांगेत जाऊन बसली.

पहिला पगार झाला तेव्हा तिला कुणाला सांगावं कळेना. मालनबाईकडं गेली, चहा घेतला आणि न सांगताच परत आली. हंगाम सरता सरता बोटं आखडायला लागली. छाटताना घडाचे चांगले मणीही तुटायचे. पुढच्या वर्षी पॅकहाऊसमधून बोलावणं आलं नाही, तेव्हा ज्ञानेश पुन्हा न्यायला आला. या वेळी तिनं पिशवी भरली.

पुण्यात सून चांगली आहे. कामाला हात लावू देत नाही. सगळी कामावर गेली की नवसाबाई गॅलरीत बसून राहते. बीपीच्या गोळ्या संपत आल्या की ज्ञानेशकडं मागायच्या असतात. ती एक दिवसाआड घेऊन पुरवते, आणि अगदीच संपल्या की सांगते.