चक्रीताई आणि भाचीचा गाल

चक्रीताईंचं खरं नाव हजेरीपटावर होतं, आणि तिथेच राहिलं. प्लॅस्टिक सर्जरीच्या थिएटरात चरबी फिरवायच्या मशीनवर त्यांनी एकोणीस वर्षं काढली होती. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी एकदा गमतीने 'चक्रीताई' अशी हाक मारली आणि ती चिकटली. बाईंचा राग नाकाच्या शेंड्यावर, पण या नावाचा त्यांना कधी राग आला नाही. उलट थोडा तोराच होता.

तोरा असावा असं कामही होतं. पोटातून किंवा मांडीतून बारीक नळीने ओढलेली चरबी सिरिंजमध्ये येते ती रक्तापाण्यात मिसळलेली, गढूळ. मशीनमध्ये फिरवली की तिचे थर होतात: वर फुटलेल्या पेशींचं तेल, खाली लालसर पाणी, आणि मध्ये कामाची पिवळी चरबी. तेल टिपून घ्यायचं, पाणी सोडून द्यायचं आणि मधली चरबी वारा लागू न देता मॅडमच्या हाती द्यायची. मॅडम म्हणजे सर्जन. त्या ती कण कण करून गालात पेरायच्या, कारण आजूबाजूचं रक्त मिळालं तरच कण जगतो, नाहीतर अंग तो दोन-तीन महिन्यांत जिरवून टाकतं. नवी नर्स आली की चक्रीताई दम भरायच्या, "लोणी नाही बाई ते, जिवंत आहे. हळू धर."

त्यांची बहीण लवकर गेली, तेव्हापासून तिची मुलगी मावशीपाशीच वाढली. बाराव्या वर्षी मुलीला कसलासा आजार जडला आणि डावा गाल आतून झिजत गेला. आजार थांबला, खळगा राहिला. पोरगी हुशार, जिभेची तिखट, पण फोटो काढायचा म्हटलं की मान वळवून उभी राहायची. दोन वर्षांपूर्वी मॅडमनी तिच्या पोटातली चरबी गालात भरली. सगळं नीट पार पडलं होतं, तरी चार महिन्यांत गाल होता तसा झाला. का, ते कुणालाच सांगता आलं नाही.

या खेपेला मॅडमनी आधीच बजावलं, "मांडीत थोडी आहे, ती घेऊ. पण मुलगी फार बारीक आहे. यानंतर काढायला फारसं काही उरणार नाही." घरचं माणूस टेबलावर असताना ताईंनी थिएटरात थांबू नये, असंही त्या म्हणाल्या. चक्रीताई कसल्या ऐकतात. "मग काय दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ?" म्हणाल्या.

त्याच आठवड्यात नवं मशीन आलं होतं. जुन्यात एका वेळी चार सिरिंज बसायच्या, यात बारा. चक्रीताईंनी बाराच्या बारा लावल्या आणि सवयीने जुनाच आकडा टाकला, मिनिटाला तीन हजार फेऱ्या, अशी तीन मिनिटं. फेऱ्या तितक्याच असल्या तरी चाक मोठं असलं की कडेला बसणारा जोर वाढतो, हे त्यांना पाठ होतं. पण त्या दिवशी डोकं भाचीपाशी होतं. झाकण उघडलं. प्रत्येक सिरिंजमध्ये वर बोटभर तेल तरंगत होतं. एरवी नखाएवढं असतं. जुन्या मशीनवर पहिल्या चारांतच चूक कळली असती. इथे सगळीच्या सगळी चरबी चिरडली गेली होती.

मॅडमनी मान वळवून पाहिलं. "ताई, तेल जास्त दिसतंय आज?"

एकोणीस वर्षांत त्यांना कुणी असं विचारलं नव्हतं. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मॅडम रागावल्या असत्या, थांबल्या असत्या, काहीतरी मार्ग काढला असता.

"हिची चरबीच नाजूक आहे," चक्रीताई म्हणाल्या.

मॅडमनी विश्वास ठेवला. का ठेवू नये? मधली चरबी होती तेवढी गालात गेली.

सुजेमुळे पहिले काही आठवडे गाल गुबगुबीत दिसला. भाची आरशासमोरून हलेना. तिने समोरून फोटो काढून घेतला, भिंतीवर लावला. सकाळी चहा देताना चक्रीताई तिच्या गालाकडे चोरून बघायच्या आणि स्वतःला बजावायच्या की वाचली असेल थोडी, सगळीच कशी मरेल? तिसऱ्या महिन्यात खळगा परत डोकावू लागला. चौथ्यात भिंतीवरचा फोटो उतरला.

एका दुपारी भाची तपासणीहून आली, चपला काढून थेट स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली.

"मावशी, मॅडम म्हणाल्या, 'तुझी चरबीच नाजूक आहे.' माझ्या अंगाला काही धरतच नाही बघ. आई गेली, गाल गेला. मीच अशी आहे."

रडत असती तर बरं झालं असतं. ती नुसती सांगत होती, पटल्यासारखी. चक्रीताईंनीच तयार केलेलं वाक्य आता पोरीच्या तोंडात होतं. त्यांनी गॅस बंद केला आणि सगळं सांगितलं. मशीन, आकडा, बोटभर तेल, मॅडमना दिलेलं उत्तर. काही लपवलं नाही.

भाची ऐकून घेत होती. मग तिने विचारलं, "आणि पहिल्या वेळी?"

पहिल्या वेळी मशीन जुनं होतं, आकडा बरोबर होता. चक्रीताईंना ती सकाळ लख्ख आठवत होती. कुणाचंही काही चुकलं नव्हतं. पोरीच्या अंगानेच धरलं नव्हतं.

"तेव्हाही माझंच चुकलं," त्या म्हणाल्या.

"म्हणजे माझ्यात काही खोट नाही."

"नाही गं."

भाचीचा चेहरा सैल झाला. कितीतरी वर्षांनी असा झाला होता, आणि तो बघताना चक्रीताईंच्या मनात आलं की ही आता तिसऱ्यांदा टेबलावर झोपणार, तीही आपल्या या खोट्याच्या भरवशावर.

"मॅडमना विचारते, दंडात थोडी निघेल," भाची म्हणाली. दारापर्यंत गेली आणि पाठमोरीच थांबली. "पण मावशी, तेव्हा मशीनवर तू नको."

"बरं," चक्रीताई म्हणाल्या.