दिवाणावरची गिटार

सुजाताचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. बुधवारची सकाळ होती. सुजाता ही माझी धाकटी जाऊ, मिलिंदची बायको. ती म्हणाली, "ताई, मिलिंदना अटॅक आला. संपलं सगळं." मी म्हणाले, "बरं." खरंच सांगते, मी 'बरं' म्हणाले, जसं काही तिनं दूधवाला उद्या येणार नाही असं सांगितलं होतं. मिलिंद रेल्वेत होता, इगतपुरीला ड्यूटी. नेहमीच्या गाडीतून उतरला, सोबतच्या माणसाला म्हणाला, जरा बसतो, आणि फलाटावरच्या बाकावर बसला तो बसलाच. फोन ठेवला आणि मी उरलेली अर्धी जुडी निवडून संपवली. देठ वेगळे केले, पानं चाळणीत टाकली, धुतली. मग साडी बदलायला आतल्या खोलीत गेले, तर दिवाणावर त्याची बेस गिटार. रविवारी रात्री ठेवून गेला होता तशीच, पाठीवर झोपलेली, माझ्या जुन्या चादरीखाली.

पुढचं सगळं व्हायचं तसं झालं. बुद्धवंदना झाली, माणसं आली आणि गेली. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला त्याच्या गायन पार्टीतल्या लोकांनी दोन गाणी म्हटली, बेसशिवाय. सगळे रडत होते आणि मी चपला नीट लावत होते. कुणीतरी म्हणालं, ताई फार खंबीर आहेत. कसली खंबीर! मला काही म्हणजे काहीच होत नव्हतं. दाढ काढताना तोंड बधिर करतात ना, तसं. आपलाच गाल, पण चावला तरी कळत नाही.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नव्हती. ती गिटार माझी नव्हती. ती सुजाताच्या घरी नाशिकरोडला पोचवायला हवी होती, आणि माझ्याच्यानं ती उचलवत नव्हती. एकदा ती गेली की त्याचे यायचे गुरुवार संपले, रविवार संपले, हे मला कळत होतं. पार्टीतले लोक म्हणाले, घाई नाही ताई, राहू द्या. सुजातानं तर विषयच काढला नाही. मी रोज ठरवायची, आज नेते, आणि रोज चादर झटकून परत पांघरायची.

मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा मिलिंद नववीत होता. माझा सख्खा दीर, पण मला पहिल्या दिवसापासून विद्यार्थीच वाटला. मी चौतीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यामुळे समोरच्याला रागावल्याशिवाय माझं बोलणं सुरू होत नाही, ही माझी खोड. तो सगळं ऐकून घ्यायचा आणि हसायचा. रेल्वेत लागल्यावर पहिल्या पगारात त्यानं ही जुनी बेस गिटार घेतली. चार जाड तारा, वजन असं की माझ्यासारखीनं एका हातानं उचलून दाखवावी. आमचे मिस्टर म्हणाले, "अरे, साधी गिटार घ्यायची. हिचा आवाज कुठे ऐकू येतो?" मिलिंद म्हणाला, "दादा, ऐकू नाही येत, पोटात येतो." जयंतीच्या कार्यक्रमांना मी पुढच्या रांगेत बसायची. मला कधी पोटात बिटात आलं नाही. मी तसं त्याला सांगितलंही. "वहिनी, तुम्ही जेवून येता ना, म्हणून," असं त्याचं उत्तर.

अकरा वर्षांपूर्वी आमचे मिस्टर गेले. त्यानंतर तीन-चार महिन्यांनी एका गुरुवारी संध्याकाळी मिलिंद दारात उभा राहिला. पाठीवर गिटार. "वहिनी, हे धूड तुमच्याकडे ठेवू का? प्रॅक्टिस तुमच्या मागच्या गल्लीत, विहाराच्या हॉलमध्ये. नाशिकरोडहून सातपूरला हे पाठीवर घेऊन स्कूटर चालवायची म्हणजे मान मोडते. आणि आमच्या घरात ठेवायला जागा कुठे आहे?" मी म्हटलं, ठेव. मनात म्हटलं, बरं झालं, आपला उपयोग होतोय कुणाला तरी. तेव्हापासून गुरुवार आणि रविवार असे दोन दिवस तो यायचा, गिटार न्यायचा, प्रॅक्टिस झाली की आणून ठेवायचा आणि भाकरी खाऊन जायचा. मधल्या दिवसांत ती सांभाळणं माझ्याकडे.

आणि मी ती सांभाळली हो! वस्तू सांभाळण्यात माझा कुणी हात धरणार नाही. उभी ठेवली तर घसरते, म्हणून दिवाणावर आडवी. खिडकीतून दुपारचं ऊन येतं, म्हणून पडदा शिवला. पावसाळ्यात दमट होऊ नये म्हणून औषधांच्या डब्यांतल्या त्या बारीक पुड्या जमवून कव्हरमध्ये टाकायची. कव्हरची चेन तुटली तेव्हा जाड बेडशीटची खोळ शिवली, नाडी घालून. पाहुणे आले की त्यांना खुर्चीत बसवायची, दिवाण रिकामा नाही म्हणून. शेजारची एकदा दबकत विचारून गेली, "कोण झोपलंय? आजारी आहे का कुणी?"

शिवाय मी एक काम न सांगता करायची. माझे वडील येवल्याकडचे, गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे. कार्यक्रम संपला की ते पहिल्यांदा ढोलकीच्या कड्या खाली सरकवायचे, तिला सैल करायचे आणि मगच स्वतः पाणी प्यायचे. म्हणायचे, ताणून ठेवलं तर फाटतं. ते माझ्या अंगात मुरलेलं. मिलिंद गिटार ठेवून गेला की मी खोळ काढायची आणि चारही चाव्या पिळून तारा सैल सोडायची. अगदी लोळेपर्यंत. गुरुवारी तो आला की खुर्चीत बसून त्या परत लावायचा. टुंग टुंग चालायचं वीस-वीस मिनिटं. कधी एक शब्द बोलला नाही. मला वाटायचं, वाद्य आहे, लावावंच लागतं. त्या वीस मिनिटांत त्याचा बिनसाखरेचा चहा व्हायचा. तार लावता लावता तो विचारायचा, सिलेंडर नंबर लावला का, हयातीचा दाखला दिला का बँकेत, नळ अजून गळतोय का. नळ गळत असला की गिटार बाजूला ठेवून पाना मागायचा. मी ओरडायची, "अरे, लोक खोळंबलेत तिकडे! नळ कुठे पळून चाललाय का?"

एकदा मी फारच बोलले. तीनेक वर्षांपूर्वी दिवाणाला वाळवी लागली. सगळं उचलून ठेवताना माझी कंबर धरली. तो आला तशी मी सुरू झाले. "ही काय धर्मशाळा आहे का? आठ वर्षं झाली, तुझं सामान माझ्या उरावर. घेऊन जा तुझ्या घरी." तो खुर्चीत बसून राहिला. तारा लावल्या नाहीत. म्हणाला, "नेतो वहिनी. पुढच्या महिन्यात नेतो." पुढच्या गुरुवारी एका सुताराला घेऊन आला आणि दिवाणाचे दोन पाय नवे करून घेतले. गिटार नेली नाही. मीही परत विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित नेलीही असती, या भीतीनं विचारलं नाही... हे मी आज लिहिते आहे, तेव्हा स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं.

पाच आठवडे गेल्यावर एका सकाळी उठले, चहा न घेताच रिक्षा बोलावली आणि गिटार घेऊन बसले. विचार करायला बसले असते तर परत चादर झटकली असती. रिक्षावाला आरशातून बघत होता. "मावशी, वाजवता का?" म्हटलं, "हो मग! समोर बघून चालव." द्वारका चौक येईपर्यंत तो बिचारा गप्प होता.

सुजातानं दार उघडलं. माझ्या खांद्यावरची खोळ बघून तिचा चेहरा बदलला. मी आत गेले आणि ठेवायला जागा शोधू लागले. मला वाटलं होतं, भिंतीला टेकवायलाही जागा नसेल. त्या घरी मी जायची ती गर्दीच्या वेळी, बारशाला, वाढदिवसाला. रिकामं असं मी ते पहिल्यांदाच बघत होते. हॉलमध्ये टीव्हीशेजारची भिंत पूर्ण मोकळी होती आणि मधोमध एक लोखंडी हूक होता, दोन बोटांचा, बोटांना रबर लावलेलं. वाद्यांच्या दुकानात गिटारी टांगलेल्या असतात ना, तसला. त्याला सुजाताची पर्स आणि एक छत्री अडकवली होती.

"हे कशाचं गं?" मी विचारलं.

"गिटारचं," ती म्हणाली. "घर घेतलं तेव्हाच बसवून घेतलं होतं. भिंतीला ओल येऊ नये म्हणून मागं फळी पण आहे."

"मग जागा नव्हती असं कसं म्हणाला तो?"

सुजातानं पर्स काढली, छत्री काढली, दोन्ही हातांत धरून उभी राहिली. मग म्हणाली, "दादा गेले तेव्हा तुम्ही कुणाला दार उघडत नव्हता, ताई. आठवतं का? हे दोनदा येऊन परत गेले. तुम्ही आतूनच म्हणालात, मी ठीक आहे, येऊ नका. मग हे म्हणाले, भेटायला गेलं तर वहिनी हाकलतात, सामान ठेवायला गेलं तर नाही हाकलणार."

मिस्टर असताना तो कित्येक वर्षं हेच धूड स्कूटरवरून सातपूरला आणतच होता की. मान तेव्हा मोडत नव्हती? शाळेत मुलांच्या थापा पहिल्या वाक्यात पकडणारी बाई मी, आणि अकरा वर्षं हा साधा प्रश्न मला पडला नाही.

"आणि तारा सैल करायच्या नसतात," सुजाता हळूच म्हणाली. "त्यानं हिची मान, हा लांब दांडा, वाकते. हे दर सहा महिन्यांनी दुकानात नेऊन सरळ करून आणायचे. मी म्हटलं, ताईंना सांगा ना एकदा. तर म्हणायचे, नको, लावायच्या निमित्तानं बसायला मिळतं. प्रॅक्टिस सातला असायची, पण तुमच्याकडे सहाला पोचायचे."

मग ती खाली बसली. "मला राग यायचा ताई, खरं सांगते. रविवार हाच एक सुटीचा वार. पोरगी म्हणायची, पप्पा संध्याकाळी कधी घरी नसतात. एकदा भांडले मी. म्हटलं, त्यांना त्यांची पेन्शन आहे, घर आहे, तुम्ही किती दिवस पुरणार? तरी त्या संध्याकाळी हे निघालेच. मग मी पण सोडून दिलं."

रडू येईल असं मला वाटलं. आलं नाही. राग आला, भयंकर. मेल्या, एकदा सांगायचं होतंस! मी उपकार करतेय तुझ्यावर अशा तोऱ्यात अकरा वर्षं बोलले तुला, धर्मशाळा म्हणाले. एका वाक्यात माझं तोंड बंद करता आलं असतं तुला. आणि समोर ही बसलेली, जिचे रविवार मी खाल्ले. हिला मी काय देणार होते? गिटार परत दिली म्हणजे रविवार परत येतात का?

तेव्हा मी पहिल्यांदा ते घर नीट बघितलं. सकाळचे अकरा वाजून गेलेले, पण पडदे ओढलेले. ओट्यावर एकच कप, एकच ताटली. टेबलावर कुणीतरी आणून दिलेला डबा, उघडलेला नाही. लेक बंगळुरूला नोकरीला, पंधरा दिवस राहून परत गेलेली. मी विचारलं, "जेवतेस ना?" ती म्हणाली, "मी ठीक आहे ताई. लोक येतात सारखे, नको वाटतं. तुम्ही पण एवढ्या लांबून येत जाऊ नका."

रिक्षात बसून गिटार परत घेऊन जावी, असं मला क्षणभर फार वाटलं. माझ्या दिवाणावर. आता तर ती जास्तच माझी वाटत होती. पण मी खोळीची नाडी सोडली, गिटार काढली आणि हुकावर अडकवली. माझे हात पोचेनात तेव्हा सुजातानं खालून धरली. चारही तारा लोंबत होत्या. दोघींनाही त्या लावता येत नव्हत्या.

"मी गुरुवारी येते," मी म्हटलं. "आणि रविवारी."

"कशाला ताई? दोन बसा बदलून?"

"गिटार बघायला. तू नीट सांभाळशील याचा मला भरवसा नाही."

तिनं माझ्याकडे बघितलं. तिला कळलं, आणि तिला कळलं हे मलाही कळलं. "तुम्हाला त्यातलं काय कळतं?" ती म्हणाली.

"काही नाही. तरी येणार."

तेव्हापासून जाते आहे. आम्ही फार काही बोलत नाही. ती चहा टाकते, मी फडक्यानं गिटार पुसते, मालिका लागलेली असते. मिलिंदचं नाव निघतं किंवा निघत नाही. मधल्या एका रविवारी दोघी मिळून ती वाद्यांच्या दुकानात घेऊन गेलो, मान सरळ करून घेतली, चार नव्या तारा चढवून आणल्या. दुकानदार म्हणाला, आता वर्षभर बघायला नको.

गेल्या गुरुवारी मला कणकण होती. बाहेर पडावंसंच वाटेना. म्हटलं, आज राहू दे, फोनही केला नाही. सहा वाजून गेले तसा सुजाताचाच फोन आला.

"ताई, निघालात का?"

"अगं, आज जरा..."

पलीकडे तिनं टीव्हीचा आवाज बारीक केला. मग ती म्हणाली, "नाही, म्हणजे... तारांना गंज धरतोय की काय असं वाटतंय. तुम्ही बघून गेला असतात तर बरं झालं असतं."

"आलेच," म्हटलं, आणि चपला घातल्या.