लाभार्थ्यांची यादी

आमच्या मंडळात कोणी गरजू आहे, हे आम्ही कधीच मान्य केलं नव्हतं. दौलतगंजातल्या आमच्या मराठी मंडळाच्या स्वयंपाकघरातून रोज दुपारी नऊ डबे निघत, लष्कर या शहराच्या आमच्या भागात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडे. पण त्याला डबा म्हणायचं नाही, दत्ताचा प्रसाद म्हणायचं, असं ठरलेलं होतं. आमच्या माणसांना मदत चालत नाही, प्रसाद चालतो.

मग किराणा भरणारे आमचे अध्यक्ष मुलाकडे इंदूरला राहायला गेले. महिनाभरात दुसरी सोय झाली नाही तर स्वयंपाकघर बंद. गावातलंच एक फाउंडेशन अनुदान देतं असं कळलं. सचिव मी, त्यामुळे अर्जही मीच भरला. नोंदणी, घटना, ठराव, सगळं जोडलं. तिथली मुलगी सालस होती. फाइल चाळून म्हणाली, "अंकल, बेनिफिशियरी लिस्ट तो इसमें है ही नहीं."

साठीच्या पुढचे, एकटे राहणारे, जेवणाची आबाळ होणारे किमान नऊ जण, फोटो आणि सहीनिशी हवे होते. मी तिला प्रसादाचं समजावून सांगितलं. तिने ते लक्ष देऊन ऐकलं आणि प्रसादासाठी त्यांच्याकडे योजना नाही, असं सांगितलं.

मी यादी घेऊन घरोघर फिरलो. एका निवृत्त ओव्हरसियरनी शेजाऱ्याचं नाव सुचवलं, तो खरा गरजू. शेजाऱ्यांनी ओव्हरसियरचं सुचवलं. एकांनी सही केली, पण 'लाभार्थी' खोडून वर 'भक्त' लिहिलं; तो कागद बाद. चौथ्या दिवशी माझं डोकं फिरलं. उपाशी राहायला सगळे तयार, कागदावर नाव मात्र नको.

शेवटी शिंदे की छावनी या मोहल्ल्यात माझ्या शाळेतल्या बाईंकडे गेलो. बाई नव्वदीच्या घरात. त्यांनी भिंग लावून अख्खा कागद वाचला.

"प्रसादात दुधीची भाजी कोण देतं रे? आम्हाला सगळ्यांना माहीत आहे."

मग सही करा, म्हटलं.

"करते ना. पण दोन नंबरवर. एक नंबरवर तू कर."

मी सचिव आहे, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी कागद माझ्या हातात दिला आणि अटी मोठ्याने वाचायला लावल्या, सातवीत धडा वाचायला लावत तशाच. साठीच्या पुढचे. एकटे राहणारे. तिसऱ्या अटीपाशी मी थांबलो.

"काल काय जेवलास?"

"चहा-टोस्ट."

"आणि परवा?"

परवाही तेच. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. मला कुकरसुद्धा लावता येत नव्हता, आणि हे कोणाच्या लक्षात आलेलं नाही अशी माझी समजूत होती. बाईंसमोर बसून मला लाज वाटली, ती जेवणाची नव्हे, इतके दिवस दुसऱ्यांवर चिडल्याची.

मी सही केली. खाली बाईंनी केली. मग ती यादी घेऊन पुन्हा सगळ्यांकडे गेलो. ते पहिलं नाव वाचत, माझ्याकडे बघत आणि पेन मागत. 'भक्त' लिहिणाऱ्यांनी या वेळी काही खोडलं नाही. नऊ हवे होते, दहा झाले.

अनुदान मंजूर झालं. पहिल्याच दिवशी दुपारी माझ्या दारातही डबा आला. पोळ्या, वरण, भात, गिलक्याची भाजी. वरणात मीठ कमी होतं. स्वयंपाकिणीला कळवायला हवं होतं, सचिवाचं ते कामच आहे. कळवलं नाही. तिसऱ्या घासाला मला रडू फुटलं. ते ओसरल्यावर राहिलेलं सगळं जेवलो.