शिडीमावशीचे गाजलेले गुडघे

शिडीमावशीचे दोन्ही गुडघे कामातून गेले, आता ती भिंतीला धरून चालते, ही खबर गल्लीत अशी काही पसरली की दोन शेजारणी फळं घेऊन तिला बघायला गेल्या. मावशी घरी नव्हती. ती शाळेच्या जिन्यात, शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर उभी राहून छताला रंगाचा दुसरा हात मारत होती. फळं तिच्या नणंदेनं ठेवून घेतली.

ही खबर पेरली होती पेपरांनी. मावशी घरं रंगवते. नवरा गेला, तेव्हा त्याची शिडी तिनं खांद्यावर घेतली, ती आजतागायत उतरवलेली नाही. मागे एका घरी रंगाच्या डब्याचं झाकण हटेना, म्हणून ती डबा गुडघ्यांत आवळून, दातओठ खात जोर लावत होती. घरमालकाकडे आलेला एक फोटोवाला म्हणाला, "मावशी, एक फोटो काढू?"

"काढ की. माझा चेहरा काय झिजतोय?"

चेहरा नाही झिजला, पण फोटोतला डबा मात्र कापला गेला. उरली काय, तर गुडघे धरून कळवळणारी बाई.

तो फोटो गेला गुडघेदुखीच्या तेलाच्या कंपनीकडे. आणि मग जो भडिमार सुरू झाला! सकाळी पेपर उघडावा, तर अख्ख्या पहिल्या पानावर मावशी. तो मिटून दुसरा उघडावा, तर तिथेही मावशी. टीव्हीवरच्या बातम्यांत पूर येवो नाहीतर सरकार पडो, मध्येच मावशी कळवळून जायची. रेडिओवर फोटो दाखवता येत नाही, म्हणून तिथे कुणी भलतीच बाई तिच्या वतीनं कण्हत होती.

इकडे मावशीची गिऱ्हाइकं गळायला लागली. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दवाखाना रंगवायला दिला होता, तो परत घेतला.

"रोज बघते हो मी तुम्हाला, बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीवर. शिडीवरून पडलात म्हणजे?"

मावशीनं तिथल्या तिथे पदर खोचून दहा उठाबशा काढल्या. डॉक्टरीणबाई आणखीच हळहळल्या. "किती सोसता! तोंडावर जरा म्हणून दाखवत नाही."

मावशीचं डोकं सणकलं. ती तडक कंपनीच्या ऑफिसात जाऊन धडकली. जाहिरातींचा साहेब तोंडात खडीसाखर ठेवल्यासारखा बोलला. फोटोला तुम्हीच हो म्हणालात, मोहीम आता थांबत नाही, वगैरे. आणि वर तेलाच्या बाटल्यांचं खोकं तिच्या हातात दिलं.

आठवडा जातो न जातो, तोच हा साहेब दारात हजर. "मावशी, आता पुढचा भाग! कळवळणारी मावशी तेल लावून शिडी चढते! बातम्यांत खास कार्यक्रम, थेट तुमच्या अंगणातून!"

नणंद हुरळली. "वहिनी, चढून टाक बाई. तुझे गुडघे फुकटात परत मिळतायत."

"माझेच गुडघे मला परत देणारा हा कोण लागून गेला?" मावशी फणकारली. "न चढावं तर मी लंगडी, चढावं तर त्याच्या तेलाची कृपा! दोन्हीकडून मीच खोटी."

ती ओटीवर बसून वाळलेला ब्रश खरवडत राहिली. ब्रश साफ झाला, तशी उठली.

"साहेब, थेट म्हणजे मागाहून कापाकापी नाही ना?"

"छे हो! तुमच्या तोंडून निघालं की घराघरांत."

"मग येते. पण जे झालं तेच बोलेन."

"अहो, तेच तर लोकांना हवंय!" साहेबाची कळी खुलली.

त्या दिवशी गल्लीत मुंगीला शिरायला वाव नव्हता. खिडकीखिडकीत डोकी. मावशी एका हातात रंगाचा डबा घेऊन सरसर वर चढली, थेट शेवटच्या पायरीपर्यंत. लोकांनी टाळ्या पिटल्या. खाली साहेब असा उभा, जणू लेकीचं लग्न लावतोय. चॅनलच्या मुलीनं लांब दांडीचा माईक वर धरला.

"मावशी, कालपर्यंत तुम्हाला उठता येत नव्हतं आणि आज बघा! सगळ्यांना सांगा, हे तेल तुम्ही नेमकं कुठे लावलंत?"

मावशीनं डबा शिडीच्या आकड्याला अडकवला आणि कॅमेऱ्याकडे रोखून बघितलं.

"उठता येत नव्हतं हे तुम्ही छापलंत, पोरी. माझे गुडघे पहिल्यापासून ठणठणीत आहेत. तेल मी लावलं या शिडीच्या बिजागरीला, आणि ती अजून कुरकुरते. आणि डॉक्टरीणबाई, बघताय ना? उद्या सकाळी येते, दवाखान्यातल्या खुर्च्या झाकून ठेवा."