करड्या बोटांच्या बाई

घाटकोपरच्या एका हॉस्पिटलात आईचं खुब्याचं ऑपरेशन चालू होतं. बाहेर माझ्या शेजारी सत्तरीतल्या एक बाई बसल्या होत्या. त्यांच्या नवऱ्याचं हृदयाचं ऑपरेशन सकाळपासून चाललं होतं. हातातला दगड त्या सारखा अंगठ्याने घासत होत्या आणि त्यांची बोटं शिसपेन्सिल लागल्यासारखी करडी झाली होती.

मी बघतेय म्हटल्यावर त्यांनी दगड पुढे केला. फिकट खडकात पांढऱ्या रेघांची जाळी होती आणि रेघांच्या कडेला करडी चमक.

"मॉलिब्डेनम. पोलाद कणखर करायला घालतात. आम्ही दोघं परदेशात याच्याच खाणी शोधायचो."

"हे दगडात येतं कुठून?"

"खोल खाली शिलारस थिजत असतो ना, तेव्हा त्यातलं कढत पाणी धातू घेऊन सुटतं. वर जायला वाट नसते. मग दाब वाढतो, खडक तडकतो, पाणी भेगांत शिरतं आणि निवताना धातू तिथेच सोडतं."

"की झाली खाण?"

"छे गं! भेग बुजते. पुन्हा दाब, पुन्हा तडा. एका तड्याने खाण होत नाही."

वर्गात शिकवावं तसा शांत आवाज. मला वाटलं, काय धीराची बाई आहे!

तेवढ्यात डॉक्टर त्यांच्याकडे आले. "ऑपरेशन छान झालं. तासाभराने भेटा त्यांना."

"बरं," त्या म्हणाल्या. दगड पर्समध्ये ठेवला, चेन लावली आणि तोंडावर पदर धरून हमसून हमसून रडल्या. मी त्यांची पाठ थोपटत राहिले.

जरा वेळाने त्यांनी विचारलं, "तुझं कोण आहे गं आत?"

"आई."

त्यांनी डोळे पुसले आणि खुर्ची माझ्याजवळ ओढली. "मग बसते मी."