अनुभवाचा दाखला

“ही कोण?”

मोठ्या सरांनी माझ्याकडे बोट दाखवून वर्गाला विचारलं. सहावीचा वर्ग. माझाच. मी फळ्यापाशी उभी, खडू हातात तसाच.

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. एकदोघं हसली. त्यांना वाटलं, सर गंमत करतायत.

“उद्या वहिनींचा बी.एड.चा पाठ बघायला बाहेरून मॅडम येणार आहेत. त्यांनी विचारलं, ही कोण, तर काय सांगायचं? मावशी. म्हणा.”

“मावशी.”

“मोठ्यानं.”

“मावशी!”

आमच्या शाळेत शिकवते ती बाई. पाणी भरते, संडास धुते, घंटा वाजवते, ती मावशी. सरांनी तीनदा म्हणून घेतलं, पाढे म्हणून घेतात तसं. मग शिपाईणीचा निळा एप्रन माझ्या हातात दिला. म्हणाले, “दहाच्या आत घालून दाराशी उभ्या राहा. आत यायचं नाही.”

मी तो घातला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला बिचारी म्हणायला नको. कुणी हात धरून घातला नाही. मागची नाडी मी माझ्या हातानं बांधली.

वहिनी म्हणजे आमच्या संस्थेच्या अध्यक्षांची सून. सगळी शाळा तिला वहिनीच म्हणते. शाळा रोडपालीच्या बाजूला, अनुदानित, म्हणजे शिक्षकांचा पगार सरकार देतं. सहावीच्या शिक्षिकेची मान्यता वहिनीच्या नावावर. ती आठवड्यातून एकदा गाडीतून यायची, हजेरीपुस्तकात सगळ्या दिवसांच्या सह्या ठोकायची, चहा घ्यायची आणि खारघरला परत. वर्ग मी घ्यायचे. चार वर्षं. संस्था माझ्या हातावर काहीतरी टेकवायची आणि मी व्हाउचरवर सही करायचे. व्हाउचरवर पद लिहिलेलं असायचं, मदतनीस.

डी.एड. माझंही झालंय आणि तिचंही. मी गुणवत्ता यादीतून, ती मॅनेजमेंटच्या जागेवर. दोघींच्या प्रमाणपत्राची छपाई सारखीच आहे. पुढे मी बाहेरून बी.ए. केलं. मला हायस्कूलला शिकवायचं होतं, भूगोल. त्याला बी.एड. लागतं.

सरकारनं मास्तर होण्याच्या वाटा वेगवेगळ्या करून ठेवल्यात. बारावीनंतर थेट चार वर्षांची एक. पदवीनंतर सीईटी देऊन दोन वर्षं कॉलेजात बसायची दुसरी, त्यात सरकारी फेरीच्या जागा वेगळ्या, संस्थेच्या वेगळ्या. आणि तिसरी नोकरीतल्या शिक्षकांसाठी, दूरशिक्षणाची. शिकवता शिकवता बी.एड. करायचं. फक्त मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याचा अनुभवाचा दाखला जोडायचा. कागदावर किती झकास दिसतं बघा.

दुसऱ्या वाटेला माझा नंबर लागला होता. सरकारी फेरीत. कॉलेज कर्जतच्या बाजूला, रोज हजेरी, दोन वर्षं. आणि घरी आई. नेऱ्याच्या एका फार्महाऊसवर तिनं उभी हयात झाडलोट केली, त्यात गुडघे गेले. काम सुटलं. मी कमावलं नाही तर आमची चूल पेटत नाही, इतकं ते साधं होतं.

त्याच आठवड्यात अध्यक्षांनी बोलावून घेतलं. खुर्चीवर बसायला सांगितलं! मला तेव्हाच कळायला हवं होतं.

“अगं, कॉलेजात कशाला चपला झिजवतेस? इथं दोन वर्षं शिकव. मग नोकरीतल्या शिक्षकांच्या जागेतून बी.एड. कर. घर सुटत नाही, काम सुटत नाही. दाखला मी देतो ना.”

मी मिळालेली जागा सोडली. त्यांनी कोपराला गूळ लावला आणि मी चाटायला निघाले. आपला माणूस भेटला, असं वाटलं होतं मला. लाज वाटते आता ते आठवून.

तीन वर्षं झाल्यावर मी दाखला मागायला केबिनमध्ये गेले. या वेळी खुर्ची नाही. अध्यक्षांनी क्लार्ककडून फाईल मागवली आणि माझ्यासमोर उघडली.

“ही सही कुणाची?”

“माझी.”

“वर काय लिहिलंय? वाच.”

मी मनात वाचलं.

“मोठ्यानं वाच. बी.ए. झालीस ना?”

“मदतनीस.”

“मग? मी खोटा दाखला देऊ? गुन्हा आहे तो.” फाईल मिटली. हसले. “आणि तुमच्या लोकांना कोटा असतोच की सगळीकडे. आमच्या दाखल्यावाचून काय अडलंय तुझं?”

बौद्धवाडीतली पोरगी हे वाक्य शंभरदा ऐकून मोठी होते. ते मला नवं नव्हतं. पण त्या दिवशी त्यातली मेख कळली. राखीव जागा होती, त्या तिसऱ्या वाटेवरही होती. पण आधी शिक्षक असायला हवं, मग राखीव. आणि शिक्षक कोण हे ठरवणारा शिक्का यांच्या ड्रॉवरमध्ये. सरकारनं दार केलं, कडी यांच्या हातात दिली.

त्या वर्षी शाळेतून एक दाखला गेला. सहावीच्या वर्गाला तीन वर्षं अध्यापनाचा अनुभव. नाव वहिनीचं. प्रवेश मिळाला. ती पेढे घेऊन आली.

“तुझ्यामुळेच झालं हं हे! तू नसतीस ना, तर माझं काही खरं नव्हतं.”

खरंच होतं की! एवढं खरं ती आधी कधी बोलली नव्हती. मी पेढा खाल्ला. गोड लागला, तेही सांगते.

त्यापुढचं एक वर्ष मी कशी जगले ते मला नीट सांगता येत नाही. नोकरी सोडावी तर चूल बंद. पुन्हा सीईटी द्यावी तर पुन्हा दोन वर्षं कॉलेज, म्हणजे पुन्हा चूल बंद. तक्रार करावी तर फाईलमधल्या सह्या माझ्याच. पोरांची प्रगतिपुस्तकं मी भरायचे आणि खाली ‘वर्गशिक्षिका’पुढे तिचं नाव लिहायचे, चांगल्या अक्षरात. तिच्या बी.एड.ची पाठाची टाचणंही मीच लिहून दिली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि बुक्क्या मारणारा हात माझाच. रात्री झोप लागायची. राग त्याचाच जास्त यायचा, की झोप कशी लागते?

तर त्या दिवशी वर्गाकडून ‘मावशी’ म्हणून घेतल्यावर मी एप्रन पिशवीत घालून घरी आले. आईनं पिशवीतून काढून बघितला. कुणाचा विचारलं. मी सगळं सांगितलं, पहिल्यांदाच. मला वाटलं, आई रडेल, नाहीतर म्हणेल, जाऊ दे, पोटाकडे बघ.

आई म्हणाली, “बाय, मी जल्मभर लोकांची घरं झाडली. पन ती माजी हायेत असा मना कुनी सांगितला नाय, आनि ती माजी नायत म्हनून मी रडली पन नाय. तुजा वर्ग तुजा हाय का नाय, ता तू बोल. नायतर रडू नको.”

मी तिच्यावर ओरडले. तुला काय कळतं, म्हणाले. आईला!

दुसऱ्या दिवशी दहाला मी एप्रन घालून दाराशी उभी राहिले. पाण्याचा जग आणि पेले घेऊन. पाहुण्या मॅडम वयस्क, शांत. मागच्या बाकावर वही उघडून बसल्या. वहिनी रेशमी साडीत, हातात मी बनवलेला तक्ता. पाठ होता नकाशा, दिशा आणि प्रमाण.

हा पाठ मी पोरांना गेल्या महिन्यात शाळेबाहेर नेऊन शिकवला होता. गेटपासून तळ्यापर्यंत पावलं मोजली. शंभर पावलांना वहीत एक बोट. प्रत्येकानं आपापल्या गल्लीचा नकाशा काढला. तेव्हा एका पोरीनं भर रस्त्यात विचारलं होतं, “बाई, म्हणजे आख्खं पनवेल माझ्या वहीत मावेल?” मावेल म्हणाले. त्या दिवशी मला जगातलं दुसरं काही नको होतं.

वहिनीनं तक्ता लावला आणि म्हणाली, “उत्तर दिशा म्हणजे वरची बाजू.”

तीच पोरगी उठली. “कागदावर वर. जमिनीवर नाही. जमिनीवर सकाळी सूर्य उजव्या हाताला घेऊन उभं राहायचं, मग समोर उत्तर.” आणि बोलताना ती वहिनीकडे नाही, दाराकडे बघत होती.

वहिनीही दाराकडे बघायला लागली. तिचा चेहरा पडला होता. मी मान हलवली, बरोबर आहे म्हणून. सवयीनं. वहिनी म्हणाली, “शाब्बास! अगदी बरोबर.” पुढे तिनं फक्त विचारलं आणि पोरांनी धडाधड सांगितलं. पावलं, बोटं, प्रमाण, सगळं. माझं ऊर भरून येत होतं आणि त्याच वेळी तो तक्ता ओढून काढावासा वाटत होता. दोन्ही एकदम होऊ शकतं हे मला माहीत नव्हतं.

मॅडम उठल्या. “फार सुंदर. मुलांवरची मेहनत दिसते. किती वर्षं घेताय हा वर्ग?”

“चार वर्षं, मॅडम. मीच घेते पहिल्यापासून.” आणि मग, इतक्या सहज, “मावशी, मॅडमना पाणी द्या.”

मी जग खाली ठेवला.

“हा वर्ग मी शिकवते,” मी म्हणाले. “चार वर्षं. यांनी आज पहिल्यांदा इथं खडू धरला.”

मोठे सर व्हरांड्यातून धावत आले. “मॅडम, यांचं डोकं जरा... घरचं टेन्शन आहे.” मग वर्गाकडे वळले. “मुलांनो, ही कोण?”

मी त्या पोरीकडे बघितलं. तिनं खाली मान घातली.

“मावशी,” वर्ग म्हणाला. हळू. पण सगळा.

मला वाटलं होतं, ही पोरं माझ्या बाजूनं उठतील. तेवढ्याच भरवशावर मी बोलले होते बहुतेक. पण मी त्यांच्यावर कशी चिडू? आदल्या दिवशी सर तीनदा म्हणून घेत होते तेव्हा मी तिथंच उभी होते. गप्प. त्यांनी त्या दिवशी सरांकडून शब्द शिकला आणि माझ्याकडून गप्प बसणं. भूगोलापेक्षा हा धडा मी जास्त चांगला शिकवला होता. दुसऱ्याच्या नावानं प्रगतिपुस्तकं भरणारी बाई पोरांना दुसरं काय शिकवणार?

मॅडमनी वही बंद केली. माझ्याकडे बघितलं, मग दुसरीकडे. “माझ्या हातात फक्त या पाठाचे गुण आहेत. तुमचं म्हणणं योग्य ठिकाणी लेखी द्या.” आणि गेल्या. पाणी न पिता.

वहिनी रडत होती. “मी तुझं काय वाईट केलं गं?” ती खरंच विचारत होती. तिला खरंच माहीत नव्हतं.

मी तिथून सरळ पनवेलला आले. पंचायत समितीच्या बाहेर पायरीवर बसून अर्ज लिहिला. तीन पानं. शिक्षण विभागातल्या कारकुनानं पहिलं पान वाचलं, चष्मा काढला. भला माणूस होता.

“ताई, यात पहिल्या तुम्हीच अडकाल. ही तर तुमची कबुली आहे.”

“पोच द्या,” मी म्हणाले.

“पुन्हा एकदा विचार...”

“पोच.”

त्यानं शिक्का मारला.

आता चौकशी लागेल किंवा लागणार नाही. लागली तर अध्यक्ष व्हाउचरं काढतील आणि सह्या माझ्या आहेत का विचारतील. हो म्हणेन. आईचे गुडघे आहेत तसेच आहेत. बी.एड.च्या तिन्ही वाटांपैकी एकही आज माझ्यासाठी उघडी नाही आणि कदाचित यापुढे होणारही नाही. हे सगळं मला कळतं. कुणी समजावून सांगायला येऊ नये.

त्या अर्जात मी दाखला मागितलेला नाही. मागणं संपलं. मी लिहिलंय, सहावीचा वर्ग चार वर्षं मी शिकवला, दुसऱ्याच्या नावावर, आणि ते नाव मी माझ्या हातानं लिहिलं. हे खोटं असेल तर माझ्यावर गुन्हा दाखल करा. खरं असेल तर माझ्यासकट सगळ्यांवर करा. मधलं काही मी ठेवलेलं नाही.