बन्सीलालच्या नावावरची चढाई

असोद्याचा झुलाल नारखेडे चढाईला निघाला की समोरचे सातही जण आधी आपापले पाय सांभाळत, असं गावात म्हणायचे. गाव म्हटलं की बढाया आल्याच, पण यातलं अर्धं तरी खरं होतं. त्याची मागची लाथ कुणाला दिसतच नसे. तोंड मध्यरेषेकडे वळायचं, आता हा गेला म्हणून पकडणारे सैल पडायचे, आणि तेवढ्यात त्याची टाच कुणाच्या तरी गुडघ्याला लागून माघारी आलेली असायची. जळगावच्या कॉलेजात तीन वर्षं तो अशा लाथा मारत होता आणि तिन्ही वर्षं त्याची टीम अंतिम सामन्यात हरत होती. एकाच्या पायावर सात जण किती चालणार?

वडील उखर्डू केळीच्या गाड्या भरायचे. घड वाहून वाहून त्यांचा उजवा खांदा कायमचा खाली आलेला. झुलालला काहीही करून त्या कामाला जायचं नव्हतं. पोलिसात खेळाडूंसाठी जागा निघणार, असं कानावर होतं. मात्र त्याला विजेत्या टीमचं प्रमाणपत्र हवं. सगळं घोडं तिथेच अडलेलं.

१९८६ च्या जूनमध्ये धुळ्याच्या एका कॉलेजचे खेळाचे साळुंखे सर मोटरसायकलवर घरी आले. होस्टेल फुकट, रोज दूध-अंडी, आणि यंदा विजेतेपद आपलंच, असं त्यांनी बसल्याबसल्या सांगून टाकलं. झुंबरबाई, म्हणजे झुलालची आई, चहा देता देता म्हणाली, "मास्तर, पोरगं भोळं आहे आमचं. सांभाळजा."

"मुलासारखा ठेवीन," सर म्हणाले.

निंबा कोपऱ्याचा गडी आणि जळगावच्या टीमचा कॅप्टन. तोही असोद्याचाच, झुंबरबाईच्या हातची कळण्याची भाकरी खाऊन वाढलेला. झुलालला वाटलं, हा आता चिडणार. पण निंबा म्हणाला, "जाय तू. आमच्या संगं राह्यला तं जलमभर दुसऱ्या नंबरावरच राहाशीन." त्यानेच ट्रंक उचलून स्टँडवर आणली.

धुळ्याला गेल्यावर महिन्याभराने नियम कळला. मध्येच कॉलेज बदललेल्या खेळाडूला वर्षभर खेळता येत नव्हतं. सरांना तो आधीपासून माहीत होता, आणि तोडगाही तयार होता. संस्थेच्या एका संचालकांचा पुतण्या बन्सीलाल झुलालच्याच वर्गात होता. उंचपुरा, पण मैदानाची धूळ कधी अंगाला न लागलेला. फॉर्मवर नाव बन्सीलालचं, फोटो झुलालचा. प्रमाणपत्र आलं की विद्यापीठातून नाव दुरुस्त करून आणू, सर म्हणाले. अशी दुरुस्ती कुठल्या विद्यापीठात होते, हे झुलालने विचारलं नाही. गरजवंताला अक्कल नसते.

बन्सीलाल तसा वाईट नव्हता. होस्टेलवर येऊन झुलालच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "मन्हा नावनी बठ्ठी इज्जत तुन्हा हातमा शे, भाऊ."

अंतिम सामना जानेवारीत बोदवडला झाला, आणि समोर नेमकं जळगाव. सामना सुरू होण्याआधीच जळगावच्या सरांनी हरकत घेतली की हा बन्सीलाल नव्हे, आमचा झुलाल आहे. ती खरी ठरली असती तर झुलालवर कायमची बंदी आली असती आणि पोलिसाची खाकी स्वप्नातच राहिली असती. पंचांनी निंबापुढे कागद ठेवला. तीन वर्षं झुलालच्या शेजारी उभा राहिलेला माणूस तू, तूच लिहून दे, म्हणाले. झुलाल रेषेवर उभा होता. त्याने निंबाकडे पाहिलं. निंबाने लिहिलं, 'हा खेळाडू झुलाल नारखेडे नाही. झुलालला मी चांगला ओळखतो.' खाली सही केली आणि येऊन आपल्या कोपऱ्यात उभा राहिला.

झुलालने त्या दिवशी एकट्याने नऊ गुण घेतले. त्यातला एक निंबाला बाद करून. धुळे चार गुणांनी जिंकलं.

प्रमाणपत्र आलं ते बन्सीलालच्या नावाचं. सर म्हणाले, परीक्षा होऊ दे. परीक्षा झाल्यावर म्हणाले, सुट्टी संपू दे. सुट्टी संपायच्या आत पोलिसभरती झाली आणि यादीत बन्सीलालचं नाव लागलं. कागद आपल्या नावाचा आहे तर वाया कशाला घालवायचा, असं त्याच्या काकांचं म्हणणं. झुलाल सरांकडे गेला तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "कर की तक्रार. पण पहिल्या ओळीत लिही, मी खोट्या नावाने खेळलो." आपलेच दात आणि आपलेच ओठ.

तरी तो पुण्याला विद्यापीठाच्या कचेरीत गेला. बंदी आली तर आली, खरं तरी बाहेर पडेल आणि कुणाला तरी दया येईल, एवढीच आशा. तिथल्या म्हाताऱ्या क्लार्कने फाईल काढून निंबाचा कागद पुढे केला. "तुमचाच कॅप्टन लिहून देतोय, तुम्ही तिथे नव्हता म्हणून. त्याने हे मागे घेतलं तर पुढचं बोलू."

"मंग त्याचं काय व्हईन?"

"खोटं लिहून दिलं म्हणून कारवाई. नोकरीत असला तर तिथेही कळवावं लागतं."

निंबा नुकताच एका शाळेत खेळाचा मास्तर म्हणून लागला होता. झुलाल स्टँडवरून थेट त्याच्या घरी गेला आणि सगळं सांगितलं. निंबा खाली बघत ऐकत राहिला. मग उठला, खुंटीवरचा सदरा अंगात घातला. "चाल. लिहून देतो."

"नको," झुलाल म्हणाला. "तुही नौकरी जाईन."

निंबा गुंड्या लावता लावता थांबला. सदरा काढून पुन्हा खुंटीला अडकवला आणि चहा ठेवायला आत गेला.

झुलालला 'नको' म्हणायचंच नव्हतं. जगाची रीत म्हणून ते तोंडातून गेलं होतं, आणि निंबा दुसऱ्यांदा म्हणेल म्हणून तो थांबला होता. एकदा जरी पुन्हा 'चाल' म्हणाला असता तर तो गेला असता, निंबाचं घर बुडवून गेला असता. हे त्याला तिथे बसल्याबसल्या कळलं आणि स्वतःची शिसारी आली. निंबाचा रागही आला. चहा दोघांनी खाली मान घालून प्याला.

पुढच्या सोमवारी उखर्डूंच्या जागी तो रावेरकडे गाडी भरायला गेला. मुकादमाने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बोदवडले पाह्यलं व्हतं मी तुले. तू तो कबड्डीवाला ना रे?"

"नही," झुलाल म्हणाला. "तो धुयाचा बन्सीलाल." आणि वाकून पहिला घड खांद्यावर घेतला.